बापदेवाचा चेहरा

ऋजुता लिमयेला राग लवकर येतो, हे नौपाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. इस्त्रीवाला तिचे कुर्ते वेगळे ठेवतो, आणि सोसायटीचे सेक्रेटरी तिला जिन्यात बघितलं की मोबाईल कानाला लावतात. पण त्या संध्याकाळी डोंबिवलीच्या सभागृहात तिला जो राग आला, तो उतावळेपणाचा नव्हता. पुस्तकावरचा सोनेरी कागद फाडला गेला, टाळ्या झाल्या, एक प्रत तिच्या हातात पडली आणि तिनं मुखपृष्ठ पाहिलं. फोटो तिचा होता. खाली छापलेलं नावही तिचंच होतं. दगडावरचा चेहरा मात्र तिनं जन्मात कधी बघितला नव्हता.

हे पुस्तक म्हणजे साईनाथ देशमुखांच्या प्रतिष्ठानचा थाटमाट. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत रानात, तळ्याकाठी, बिल्डिंगांच्या मागे पडलेले जुने दगड, भग्न देवळं, वीरगळ, सगळ्यांचे फोटो एका जाडजूड ग्रंथात. ऋजुता गेली कित्येक वर्षं हेच करत आली होती. पोटासाठी औषध कंपन्यांच्या बाटल्या नि गोळ्यांचे फोटो काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन दगडांमागे हिंडायचं. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीला उभा केलेला दगड. खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात वर तोच माणूस शिवाच्या पिंडीसमोर हात जोडून बसलेला. हे कोरीवकाम इतकं झिजलेलं असतं की समोरून फोटो काढला तर नुसता दगड दिसतो. ऊन बाजूनं घासत यावं लागतं, तेव्हा सावल्या पडतात आणि माणसं उठून उभी राहतात. त्या उन्हासाठी ऋजुता थांबायची. दगडावर पाणी मारायचं नाही, खडू घासायचा नाही, शेंदूर खरवडायचा नाही, हा तिचा नियम. बरोबरच्या हौशी लोकांनी दगडाला नुसतं बोट लावलं तरी ती असं काही बोलायची की ते पुढच्या वेळी येतच नसत.

मुखपृष्ठावरचा वीरगळ आंबिवलीपलीकडच्या एका गावातला. भिवाशेठ भोईरांच्या दारातला. एके काळी भिवाशेठच्या बापाची तिथं भातशेती होती, आता तिथं भिवाशेठच्या दोन बिल्डिंगा आहेत आणि दगड पार्किंगच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली उभा आहे. घरातले त्याला बापदेव म्हणतात. त्या घरात कुणाचंही लग्न निघालं की पहिली हळद बापदेवाला लागते, मग नवऱ्याला किंवा नवरीला. घरातली सगळ्यात थोरली बाई ओंजळभर हळद घेते आणि खालच्या चौकटीत पडलेल्या वीराच्या तोंडाला चोळते. अशा किती पिढ्यांच्या बायका झाल्या असतील कोण जाणे. वीराचा चेहरा पार झिजून गेला होता. डोळे नाहीत, नाक नाही, तिथं फक्त तळहात बसेल एवढा गुळगुळीत खळगा उरला होता, आणि कडेच्या खाचांत जुनी हळद.

त्या खळग्यात सकाळचं ऊन उतरलं तो फोटो ऋजुतानं आजवर काढलेला सगळ्यात चांगला फोटो होता. हे ती स्वतःच म्हणायची, आणि स्वतःचं कौतुक करण्याची तिला मुळीच सवय नव्हती.

आता त्या खळग्याच्या जागी पिळदार मिशा होत्या. टपोरे डोळे होते, धारदार नाक होतं, कपाळावर गंध होतं. हळदीचे डाग पुसून टाकलेले. मरून पडलेला माणूस कॅलेंडरवरच्या सरदारासारखा ताजातवाना, तुकतुकीत होऊन तिच्याकडे बघत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्यासपीठावर शाल-श्रीफळ चालू होतं. भिवाशेठनाही बोलावलं होतं, जागेचे मालक म्हणून. त्यांच्या हातात पुस्तक देताना साईनाथ कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. कार्यक्रम संपेपर्यंत ऋजुता मंचावरच्या मागच्या रांगेत दात-ओठ खात बसली आणि मग तिनं साईनाथला चहाच्या टेबलापाशी गाठलं.

"हा चेहरा कुठून आला?"

"आवडला ना ताई?" साईनाथ खुशीत म्हणाला. "थोडं एन्हान्स केलंय. आता एआयमध्ये पाच मिनिटांचं काम असतं."

"दगडावर चेहरा नाहीये, साईनाथ."

"तेच तर. चेहराच नसलेला वीर कव्हरवर कसा टाकणार? लोकांना रिलेट व्हायला पाहिजे ना. आतल्या पानांना हात नाही लावला हां, फक्त कव्हर."

"म्हणजे एकच खोटं बोललात, पण घराच्या दारावर लिहून बोललात. प्रत्येक प्रतीत चिठ्ठी घाला, चित्र बदललेलं आहे म्हणून. आणि माझं नाव काढा."

"नाव दिलं तरी राग, नाही दिलं तरी राग," साईनाथ हसला. "पुढच्या आवृत्तीत बघू की. ताई, एवढं काय, दगडाला थोडंच काही केलंय आपण?"

तो पुढच्या पाहुण्याकडे वळला. ऋजुता घरी आली, तिनं खरा फोटो आणि मुखपृष्ठ शेजारी-शेजारी ठेवून इंटरनेटवर लांबलचक लिहिलं. लोकांनी बदाम टाकले. एका बाईनं विचारलं, दुसऱ्या फोटोतला हिरो किती क्यूट आहे, कुठलं लोकेशन? ऋजुतानं मोबाईल उपडा ठेवला आणि दोन दिवस घरातल्या भांड्यांवर राग काढला.

आणि मग भिवाशेठचा फोन आला. मुलाचं, मयूरचं लग्न ठरलं होतं, उद्या हळद.

"मॅडम, हलदीला याचाच पायजे तुमी. तुमच्या फोटोनं डोले उगरले आमचे. आमाला काय म्हायती, बापदेवाचं तोंड असं हाय म्हून? पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलंय. उंद्या सकाली कारागीर येतंय, देवाचं तोंड तुमच्या फोटोवानी करून घेतो. मंग हलद."

"भिवाशेठ, थांबा. तो चेहरा खोटा आहे. दगडाला हात लावू नका."

पलीकडे ढोलकीवाल्यांशी काहीतरी बोलणं चालू होतं. "या या, जेवाण हाय," एवढं म्हणून भिवाशेठनी फोन ठेवला. तिनं पुन्हा लावला, मग लावतच राहिली, आणि प्रत्येक वेळी फोन वाजून वाजून बंद झाला.

सकाळी ती खऱ्या फोटोचा मोठा प्रिंट बॅगेत घालून निघाली. आंबिवलीला उतरून रिक्षा केली आणि रिक्षावाला गावातल्या खड्ड्यांना शिव्या देत होता त्याच्या वरच्या पट्टीत ती मनातल्या मनात साईनाथला देत होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून लोक हसतात. हिच्या बाबतीत तर हिनं काहीच करायला घेतलं नव्हतं. जे होतं ते होतं तसं दाखवलं होतं.

भोईरांच्या अंगणात मांडव पडला होता. शेडखाली कारागीर उकिडवा बसला होता. प्लास्टिकच्या खुर्चीवर पुस्तक उभं करून ठेवलं होतं, धूळ बसू नये म्हणून पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. तो पुस्तकाकडे बघायचा आणि खळग्यात खडूनं रेघ मारायचा. एका डोळ्याची रेघ मारून झाली होती.

ऋजुता जाऊन दगडापुढेच उभी राहिली. "हे थांबवा."

भिवाशेठ लगबगीनं आले. त्यांना वाटलं, मॅडम हळदीलाच आल्या. त्यांनी पाणी मागवलं, खुर्ची मागवली. ऋजुतानं प्रिंट काढून त्यांच्या हातात दिला.

"हा बघा माझा फोटो. मी काढला तो हा. पुस्तकातला चेहरा कॉम्प्युटरनं चिकटवलाय. या दगडावर कसा चेहरा होता हे कुणालाही माहीत नाही. मलाही नाही."

भिवाशेठनी प्रिंट पाहिला, मग पुस्तक पाहिलं. त्यांनी प्लास्टिकवरून बोट फिरवत खालची ओळ शोधली.

"हितं तुमचं नाव हाय मॅडम."

"नाव माझं आहे. चेहरा माझा नाही."

"नाव तुमचं, न् फोटो दुसऱ्याचा? मंग तुमी तवाच कं नाय बोललाव? मंचावर तं मांगच्या रांगेत बसलेलाव. टाल्या वाजवल्याव."

टाळ्या तिनं वाजवल्या होत्या. भिवाशेठच्या नावाला वाजवल्या होत्या. आता हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ज्या नावासाठी माणसं जन्मभर धडपडतात, तेच नाव तिच्याविरुद्ध साक्षीला उभं राहिलं होतं.

मयूर मध्ये पडला. त्याच्या हाताला मेंदी होती. "बाबा, एक काम कर ना. साईनाथ सरांनाच विचार. त्यांचं पुस्तक आहे. ते बोलले एडिट आहे, तर कॅन्सल. मॅडम, ओके ना?"

ऋजुताला ते पटलं. भिवाशेठनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मग मेसेज आला: कार्यक्रमात आहे, नंतर बोलतो. ऋजुतानं स्वतःच्या फोनवरून लावला तर त्यानं तो कट केला. पुरातत्त्व खात्याच्या एका कचेरीचा नंबर तिच्याकडे होता, तिथं लावला. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि हा दगड संरक्षित यादीत नाही, लेखी अर्ज द्या, असं सांगितलं. एक माणूस फोन उचलत नाही आणि दुसरा उचलून काही करत नाही, आणि या दोघांच्या मध्ये एक दगड उभा, हजारेक वर्षांचा. या देशात जुन्या दगडाला कुणी वाली आहे का, असं ती मांडवात मोठ्यानं म्हणाली. मांडववाल्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा झालर बांधायला घेतली.

तेवढ्यात गोदाबाई आल्या. भिवाशेठची आई, ऐंशीच्या पुढची, काठी न घेता चालणारी. फोटो काढायच्या वेळी याच गोदाबाईंनी ऋजुताला हळदीची रीत सांगितली होती आणि जेवायला घातलं होतं. ऋजुताला वाटलं, आता सुटले.

"आजी, तुम्ही तरी सांगा यांना. हा खळगा तुमच्या हातानं पडलाय. तुमच्या सासूच्या, तिच्या सासूच्या. म्हणून तर तो मोलाचा आहे. तो कोरून काढला तर काय उरेल?"

गोदाबाई दगडाजवळ गेल्या.

"पोरी, माजे सासूनं मना सांगलेला, देवाला नाक हुतं म्हून. तिनं पायलेला म्हनं. मी आली तवा नाकाची निस्ती गाठ हुती. ती माजे हाताखाली गेली." त्यांनी स्वतःचा तळवा उलटासुलटा करून पाहिला. "दीरांची लग्नं, नंदांची लग्नं, पोरांची. दर टायमाला वाटं, मी देवाचं तोंड पुसतंय. कोनाला सांगू? हलद लावाची नाय, असं कसं बोलू? आथा छापून आलाय. त्याचं त्याला परत भेटतंय तं भेटू दे."

"पण आजी, ते त्याचं नाहीच."

"तुना काय जातं बोलायला? तुजा हात नाय लागला त्याला."

दगडाला हात न लावणं, याचाच तर तिला अभिमान होता. तिला म्हातारीचाही राग आला, आणि म्हातारीचा राग आला म्हणून स्वतःचाही.

"मॅडम, लगीनघर हाय," भिवाशेठ हळू आवाजात म्हणाले. "तमाशा नको. आमी साईनाथसायबाची वाट बघू दुपारपावत. नाय आला फोन तं करू."

दुपारपर्यंत फोन आला नाही. भिवाशेठनी शब्द पाळला, हे ऋजुताला मान्यच करावं लागलं. त्यांनी कारागिराला थांबवलं, फोन समोर ठेवून बसून राहिले, आणि शेवटी उठून त्याला हात केला. कारागिरानं आधी ग्राइंडर लावला. काळा पाषाण असा किंचाळला की मांडवातल्या बायका कानात बोटं घालून बाहेर पळाल्या. पांढरी भुकटी उडाली, आणि तिच्यात पिवळी. ती पिवळी भुकटी खाचांतली हळद होती.

ऋजुता ओट्यावर बसून राहिली. तिला निघून जाता आलं असतं. कॅमेरा काढून एकेक घाव टिपता आला असता, पुरावा म्हणून. तिनं दोन्ही केलं नाही. गोदाबाईंनी तांदळाची भाकर आणि वालाचं बिरडं पुढं आणून ठेवलं, "राग जेवनावर कंला काढतेस" म्हणाल्या, आणि तिनं खाल्लं. भूक कुणाच्या बापाची मिंधी नसते.

उन्हं कलली तेव्हा चेहरा तयार झाला होता. खळग्याच्या आत खोल कोरलेला, मिशा अगदी पुस्तकातल्यासारख्या पिळदार. कारागीर हाताचा बरा होता, त्याला बोल लावायला जागा नव्हती. बाकीचा दगड काळपट, झिजलेला, आणि त्याच्यात हे एक करकरीत राखाडी तोंड. माणसं येऊन मोबाईलवर फोटो काढू लागली. कुणीतरी म्हणालं, सेम टू सेम.

हळदीची वेळ झाली. डीजेवाल्यांना थांबवलं. पहिली हळद देवाची, तेव्हा गाणं फक्त बायकांचं. गोदाबाई नवं लुगडं नेसून आल्या, हातात हळदीची वाटी. बायकांनी गाणं धरलं. गोदाबाई सुनेच्या आधारानं खाली बसल्या, त्यांनी बोटं हळदीत बुडवली आणि इतकी वर्षं ठेवायच्या तसा तळवा देवाच्या तोंडावर ठेवला.

त्यांनी तो चटकन मागं घेतला.

पुन्हा ठेवला. हात जरा वर सरकवून पाहिला, बाजूला सरकवून पाहिला. नाक तळव्याला टोचत होतं. मिशीची कड नवी होती, धार गेलेली नव्हती. बायका गात होत्या आणि गोदाबाई जागा शोधत होत्या.

"भिवा," त्या म्हणाल्या, "यो माजे हाताला बसत नाय."

"नवीन हाय आय. बसंल हलूहलू."

नेमका तेव्हाच भिवाशेठचा फोन वाजला. साईनाथ होता. भिवाशेठना फोन कानाला लावायची सवय नव्हती, ते हातात समोर धरून स्पीकरवर बोलत. बायकांचं गाणं आपोआप बारीक झालं.

"बोला भिवाशेठ, सॉरी हां, दिवसभर सत्कार चालू होते. काय म्हणता?"

"सायब, एक इचाराचं हुतं. पुस्तकावर आमचे बापदेवाचा जो चेहरा हाय..."

"जबरदस्त आलाय ना? सगळे त्याचंच विचारतात."

"तो दगडावर हुता कं?"

"नाही हो. दगडावर कुठं काय होतं, सपाट झालेलं सगळं. आम्हीच टाकला. ऋजुताताई उगाच चिडल्या त्यावरून."

भिवाशेठच्या हातातला फोन खाली आला, मग त्यांनी तो पुन्हा वर केला.

"मंग कोनाचा हाय तो?"

"कोण?"

"चेहरा. कोनाचा हाय?"

"अहो, कोणाचा म्हणजे?" साईनाथ मोकळेपणानं हसला. "कोणाचाच नाही. कॉम्प्युटरनं बनवला. का हो, काही प्रॉब्लेम?"

साईनाथ दोनदा हॅलो म्हणाला आणि रेंज नसेल समजून त्यानं फोन ठेवला. सकाळी याच माणसानं हेच एक वाक्य बोलायला फोन उचलला असता तर. एवढंच वाक्य. ते त्याला लपवायचंही नव्हतं, त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. ऋजुता खरी ठरली होती, भर मांडवात सगळ्यांसमोर खरी ठरली होती, आणि त्या खरेपणाचा तिला इतका संताप आला की ती ओट्यावर उठून उभी राहिली.

भिवाशेठ तिच्याकडे बघेनात. मयूर पाटावर बसायचा तो उभाच राहिला. कारागीर आपली हत्यारं गोणपाटात गुंडाळत होता, तो गुंडाळायचा थांबला. पुस्तक अजून खुर्चीवरच होतं, आणि त्यावरचा तो आणि दगडावरचा तो, दोघेही सारखेच रुबाबात बघत होते.

गोदाबाई उठल्या नाहीत. हळदीनं माखलेला हात त्यांनी अधांतरीच धरला होता. त्यांनी मान वळवली. मुलाकडे नाही, सुनेकडे नाही, ओट्यावर उभ्या असलेल्या ऋजुताकडे.

"पोरी, तू त्याला बरोबर पायलेलास," त्या म्हणाल्या. "मंग तूच सांग. आथा हलद कोनाला लावू?"